क्रिस्टलमध्ये बीम अडकत नाहीये? व्होल्टेजच्या नॉबला हात लावण्याआधी हे बघा

लेझरचा बीम क्रिस्टलमधून जाताना एरवी पसरतो. व्होल्टेज देऊन तो न पसरता, अरुंदच बाहेर काढायचा, म्हणजे 'अडकवायचा', असा हा प्रयोग; अशा अडकलेल्या बीमला सॉलिटॉन म्हणतात. आधी लक्षणं. तुमची तक्रार यांपैकी कोणती आहे, ते ठरवा.

– व्होल्टेज दिलं, दहा मिनिटं थांबलो, तरी बाहेरचा ठिपका जसाच्या तसा पसरलेला.
– पहिले काही सेकंद ठिपका सुंदर आकसतो आणि मग डोळ्यांदेखत पुन्हा फुटतो.
– व्होल्टेज दिल्यावर ठिपका आकसण्याऐवजी आणखी पसरतो.
– एकाचे तीन-चार ठिपके होतात, किंवा पट्टीचा बीम मण्यांसारखा तुटतो.
– ठिपक्यातून एका बाजूला प्रकाशाचा पंखा उघडतो.
– काल चाललं होतं, आज चालत नाही. कशाला हातही लावलेला नाही, देवाशप्पथ!

पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे दर वर्षी एमएस्सीच्या प्रकल्पाला नवी मुलं येतात आणि दर वर्षी साधारण सप्टेंबरात दारातून तोच प्रश्न येतो : "मॅडम, व्होल्टेज अजून वाढवू का?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. नको. आजवर जेवढ्या मांडण्या दुरुस्त केल्या, त्यांत व्होल्टेज खरोखर कमी पडलं होतं अशा एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. दोष बहुतेक वेळा बॅकग्राउंडच्या, म्हणजे बीमशिवाय पूर्ण क्रिस्टलवर पाडलेल्या दुसऱ्या, प्रकाशात सापडतो, आणि त्याच्याकडे कोणी बघतच नाही, कारण तो बिचारा शांतपणे सगळीकडे पसरलेला असतो.

खालचे आकडे आमच्या टेबलावरच्या मांडणीचे आहेत. एसबीएन-६० म्हणजे स्ट्रॉन्शियम बेरियम नायोबेटचा ५ मिलिमीटर बाजूचा घन, ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर, पुढच्या पृष्ठावर १० मायक्रॉन त्रिज्येचा बीम आणि सी-अक्षाच्या (क्रिस्टलचं स्वतःचं ध्रुवीकरण ज्या रेषेत असतं, तिच्या) दिशेने व्होल्टेज. तुमचं क्रिस्टल वेगळं असेल तर आकडे बदलतील, तपासण्यांचा क्रम तोच राहील.

कारण समजलं की निम्मं काम होतं, म्हणून दोन ओळी. प्रकाश पडतो तिथे क्रिस्टलमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि तो भाग थोडा वाहक बनतो. वाहक भागात बाहेरून दिलेलं विद्युतक्षेत्र टिकत नाही, झाकलं जातं. अंधारात ते तसंच राहतं. क्षेत्र जिथे जास्त, तिथे अपवर्तनांक कमी, म्हणजे बीमच्या मध्यभागी अपवर्तनांक आजूबाजूपेक्षा जास्त. बीमने स्वतःसाठी नळी कोरली आणि त्याच नळीतून तो न पसरता निघाला. फरक किती? २ किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटरला साधारण दहा हजारांत तीन. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ आहे, त्यामुळे छोटी चूकही पुरते.

फुकटच्या तपासण्या

पहिला संशयित कॅमेरा. हसू नका. अडकलेला बीम तुम्ही बघतच नाही आहात, अशी शक्यता बरीच मोठी असते. व्होल्टेज बंद ठेवा आणि कॅमेऱ्याची लेन्स क्रिस्टलच्या मागच्या पृष्ठावर फोकस करा. त्या पृष्ठावरचा धुळीचा कण किंवा बारीक ओरखडा स्पष्ट दिसला पाहिजे. मग बीमची त्रिज्या मोजा. आत १० मायक्रॉनचा गेलेला बीम ५ मिलिमीटर चालून, नुसत्या विवर्तनाने, सुमारे ३८ मायक्रॉनचा होऊन बाहेर यायला हवा. तुम्हाला २० दिसत असेल, तर एकतर कॅमेरा चुकीच्या प्रतलाकडे बघतोय, नाहीतर बीमचा फोकस पुढच्या पृष्ठावर नाही. दुसरी चूक फार होते. लोक क्रिस्टल बाजूला काढून फोकस लावतात, मग क्रिस्टल आत ठेवतात. फोकस पुढच्या पृष्ठावर धरला असेल तर ठीक, पण मागच्या बाजूच्या खुणेवरून लावला असेल तर काचेतून बघितल्यासारखं ते प्रतल जवळ-जवळ २.८ मिलिमीटर सरकलेलं असतं. ५ मिलिमीटरच्या क्रिस्टलमध्ये ही चूक निम्म्याहून मोठी.

कॅमेऱ्याचं एक्सपोजर एवढं कमी करा की मधला भाग पांढरा-सपाट दिसणार नाही. संपृक्त कॅमेरा अरुंद ठिपक्यालाही रुंद दाखवतो. आणि कॅमेऱ्यापुढे एक पोलरायझर लावा, कारण बॅकग्राउंडचा प्रकाशही त्याच लेन्समधून येतो. तो बीमला काटकोनात ध्रुवित असेल (तसा असायलाच हवा, पुढे सांगते), तर पोलरायझर त्याला अडवेल आणि तुम्हाला निव्वळ बीम दिसेल.

कॅमेरा सुटला की पाटी पुसा. फोटोरिफ्रॅक्टिव्ह, म्हणजे प्रकाशाने ज्याचा अपवर्तनांक बदलतो असं, क्रिस्टल विसराळू नसतं. काल दुपारी कोरलेली नळी अंधारात बराच काळ शिल्लक राहते आणि आजचा बीम तिच्यात पाय अडकून पडतो. "काल चाललं, आज नाही" यामागे बहुतेकदा हेच असतं. व्होल्टेज शून्यावर आणा, बीम बंद करा आणि पूर्ण क्रिस्टलवर एकसारखा पांढरा प्रकाश पंधरा-वीस मिनिटं पडू द्या. एलईडीचा दिवा वापरा. हॅलोजन नको. एका वर्षी एका मुलाने हॅलोजनचा दिवा क्रिस्टलपासून वीतभर अंतरावर ठेवला आणि चहाला गेला. एसबीएन-६० चं क्युरी तापमान (ज्याच्या वर क्रिस्टलचं ध्रुवीकरण उरत नाही) ७५ ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि त्याचं ध्रुवीकरण त्याच्या खालीच ढासळायला लागतं. परत आला तेव्हा क्रिस्टल दुधाळ झालं होतं. त्याचं पुढे काय झालं, ते शेवटच्या भागात.

मग प्रकाशाचं ध्रुवण. बीमचं विद्युतक्षेत्र सी-अक्षाला समांतर हवं. या दिशेत एसबीएनचा इलेक्ट्रो-ऑप्टिक गुणांक (क्षेत्राने अपवर्तनांक किती बदलतो, तो आकडा) सगळ्यात मोठा असतो. त्याला काटकोनात असलेल्या ध्रुवणाला लागू होणारा गुणांक त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढाच. ध्रुवण फिरवणारी हाफ-वेव्ह प्लेट ४५ अंश चुकली की बीमचं ध्रुवण ९० अंशांनी फिरतं आणि तुमचं २ किलोव्होल्ट क्रिस्टलला चारशेसारखं लागतं. प्लेटवर लिहिलेल्या खुणेवर विश्वास ठेवू नका. क्रिस्टलच्या अगदी पुढे पोलरायझर धरून स्वतः बघा. मधल्या आरशांनीही ध्रुवण बिघडतं.

व्होल्टेजची दिशा

ठिपका पसरत असेल तर आधी हेच. ज्या दिशेने क्रिस्टल पोल केलेलं आहे (म्हणजे विद्युतक्षेत्र लावून त्याचं ध्रुवीकरण ज्या एका दिशेला वळवलेलं आहे), त्याच दिशेने क्षेत्र दिलं की बीम आकसतो. उलट दिलं की मधला अपवर्तनांक आजूबाजूपेक्षा कमी होतो आणि बीम फेकला जातो. काळ्या सॉलिटॉनसाठी (उजेडातली न पसरणारी काळी रेघ) लोक मुद्दाम उलटं क्षेत्र देतात, पण तुम्हाला तो हवा असता तर तुम्ही हे वाचत बसला नसता.

दिशा ओळखायला पूर्ण व्होल्टेज कशाला? दोनशे-तीनशे व्होल्ट पुरतात. ठिपका किंचित आकसला की किंचित पसरला, एवढं बघायचं. उलट्या दिशेने मोठं व्होल्टेज म्हणजे क्रिस्टल डीपोल करण्याचं आमंत्रण. माझा नियम असा की उलट बाजूने १ किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटरच्या जवळपासही जायचं नाही. एकदा दिशा समजली की होल्डरवर नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून टाका. आमच्या होल्डरवरचा ठिपका अकरा वर्षं टिकलाय.

बॅकग्राउंड : इथे थांबा, वेळ द्या

हा प्रकाश कशासाठी? तो नसेल तर बीमच्या बाहेरचा भाग जवळपास पूर्ण अंधार. अंधारात वाहकता नगण्य, त्यामुळे बीमच्या तुलनेत बाहेर काहीच नसल्यासारखं होतं आणि झाकण्याची क्रिया थांबायचं नाव घेत नाही. सुरुवातीला बीम आकसतो, तेवढा वेळ सगळं बरोबर दिसतं, मग क्षेत्र गरजेपेक्षा जास्त झाकलं जातं आणि नळी रुंद होऊन विस्कटते. दुसऱ्या क्रमांकाचं लक्षण हेच. १९९३ साली एसबीएनमध्ये पहिल्यांदा दिसलेले सॉलिटॉनही असेच क्षणिक होते. स्थिर सॉलिटॉनसाठी एकसमान बॅकग्राउंड हवा, हे त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत सिद्धांत आणि प्रयोग दोन्हींनी पक्कं झालं. तेव्हा तुम्हाला क्षणभर दिसणारा सॉलिटॉन खराच असतो. तो टिकत नाही, एवढंच.

मुलं म्हणतात, "बॅकग्राउंड आहे की मॅडम, ५० मिलीवॅट! बीम तर फक्त १ मिलीवॅट." इथेच गाडी रुळावरून घसरते. महत्त्वाची आहे तीव्रता, शक्ती नाही. ५० मिलीवॅट ५ बाय ५ मिलिमीटरवर पसरले की दर चौरस सेंटीमीटरला ०.२ वॅट होतात. १ मिलीवॅट १० मायक्रॉन त्रिज्येत कोंबला की मध्यभागी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६४० वॅट. बीमचं बॅकग्राउंडशी गुणोत्तर ३,२००! हवं असतं १ ते १० च्या दरम्यान. साधारण ३ ला सगळ्यात अरुंद सॉलिटॉन मिळतो. त्याच्या पलीकडे जितकं जाल, तितका त्याच व्होल्टेजला अडकणारा बीम रुंद होत जातो. मग लोक तो अरुंद करायला व्होल्टेज वाढवतात, आणि रुंदी निम्मी करायला व्होल्टेज चौपट लागतं. नॉब असा वर-वर सरकत जातो.

आता उलटं करा. बॅकग्राउंड ५० मिलीवॅटच ठेवा आणि बीम १ मायक्रोवॅटवर आणा. हो, हजारपट कमी. गुणोत्तर ३.२. प्रकाश मंद करणारे न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर कपाटात पडलेले असतातच. हे एवढं केल्यावर निम्म्या मांडण्या सुरू होतात, आणि मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो. गुणोत्तर बरोबर असेल तर आमच्या क्रिस्टलला ५०० ते १,००० व्होल्ट पुरतात. १,५०० च्या वर जावं लागलं की मी नॉब सोडते आणि पुन्हा इथून सुरू करते.

एवढ्या कमी शक्तीला उत्तर यायला वेळ लागतो, ही गोष्ट वेगळी. प्रतिसादाचा वेग तीव्रतेच्या प्रमाणात असतो. काही सेकंदांपासून एखाद्या मिनिटापर्यंत थांबा, आणि थांबताना टेबलाला टेकू नका.

आता बॅकग्राउंडचा दुसरा दोष, जो मला स्वतःला समजायला दोन वर्षं लागली. बॅकग्राउंड पूर्ण क्रिस्टल भरतो का? एका इलेक्ट्रोडपासून दुसऱ्यापर्यंत? समजा तो मधले ३ मिलिमीटरच उजळवतोय आणि दोन्ही कडांना एक-एक मिलिमीटर अंधार आहे. विजेच्या दृष्टीने हे तीन रेझिस्टर एका माळेत आहेत : अंधार, उजेड, अंधार. अंधाऱ्या भागांचा रोध प्रचंड, त्यामुळे जवळपास सगळं व्होल्टेज तिथेच पडतं. मध्ये, जिथे तुमचा बीम आहे, तिथे उरतं ते किरकोळ. मीटरवर १,००० व्होल्ट दिसतंय आणि बीमला पन्नासही मिळत नसतील. पहिलं लक्षण, "काहीच होत नाही", त्याचं हे माझ्या अनुभवातलं पहिल्या नंबरचं कारण आहे. म्हणून बॅकग्राउंडचा बीम क्रिस्टलपेक्षा बराच मोठा करा आणि कडा वाया जाऊ द्या. गाउसियन बीम क्रिस्टलएवढाच मोठा केला, तर कडांना तो फिकट असतो आणि तीच अडचण थोड्या प्रमाणात उरते. कागदाचा तुकडा क्रिस्टलच्या मागे धरून बघा. चौकोन पूर्ण, एकसारखा उजळलेला हवा, इलेक्ट्रोडच्या कडेला सावली नको. इलेक्ट्रोडची सिल्व्हर पेस्ट पुढच्या पृष्ठावर ओघळलेली असेल तर तीही सावली पाडते.

बॅकग्राउंडचं ध्रुवण बीमला काटकोनात ठेवायचं, कारण त्याने स्वतःच नळीत अडकायला नको. तो बीमच्याच दिशेने, बरोबरीने जाऊ द्या, म्हणजे क्रिस्टलमध्ये शोषण झालं तरी दोघांचं सारखंच होईल आणि गुणोत्तर लांबीभर तेच राहील.

दोन्ही एकाच लेझरमधून काढले असतील तर आणखी एक खोडी. ध्रुवण पूर्ण काटकोनात नसलं की उरलेला अंश बीमशी व्यतिकरण करतो, क्रिस्टलमध्ये पट्ट्या कोरल्या जातात आणि ठिपका झिरमिळतो किंवा तुटतो. बॅकग्राउंडच्या वाटेत फिरता डिफ्यूजर ठेवा, किंवा त्याची वाट लेझरच्या कोहिरन्सच्या लांबीपेक्षा (जेवढ्या अंतरापर्यंत लेझरच्या लाटा एकमेकींशी जुळलेल्या राहतात) जास्त लांब करा. आणि "लेझर खराब आहे, कोहिरन्स कमी आहे, म्हणून अडकत नाही" हे मला सांगू नका. १९९७ साली प्रिन्स्टनमध्ये साध्या तापणाऱ्या दिव्याचा पांढरा प्रकाश अशाच क्रिस्टलमध्ये अडकवून दाखवला गेलाय.

जे दोष नाहीत

अडकलेला बीम किंचित वाकतो. इलेक्ट्रॉनच्या विसरणामुळे नळी थोडी एका बाजूला सरकते आणि बीम वक्राकार जातो. अंतर दुप्पट झालं तर सरकणं चौपट. त्यासाठी अलाइनमेंट बिघडवू नका. गोल बीम टाकून बाहेर थोडा अंडाकृती, सी-अक्षाच्या दिशेने अरुंद ठिपका आला, तरी घाबरू नका. क्षेत्र एकाच दिशेला असल्यामुळे ते स्वाभाविक आहे. पंखा मात्र बघायला हवा. तो विखुरलेल्या प्रकाशाला क्रिस्टलने दिलेल्या वाढीतून येतो. बीमची शक्ती उतरवली आणि बॅकग्राउंड वाढवला की बहुतेकदा मिटतो. पट्टीचा बीम मण्यांत तुटत असेल तर तो त्याचा मूळ स्वभाव आहे : जाड क्रिस्टलमध्ये पट्टी दुसऱ्या दिशेने अस्थिर असते. गुणोत्तर आणि व्होल्टेज दोन्ही कमी करून ती काही मिलिमीटर तग धरते, त्याहून जास्त आशा ठेवू नये.

इलेक्ट्रोड आणि पाऊस

वरचं सगळं बरोबर, तरी काही नाही? मग तारांकडे वळा. आधी सुरक्षा : सप्लाय बंद करा, इन्सुलेटेड दांडीने दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना जोडून विद्युतभार काढा, मगच हात घाला. सप्लाय बंद असला तरी. एसबीएन तापमान बदललं की स्वतः भार तयार करतं. आणि ५० मिलीवॅटचा हिरवा लेझर चष्म्याशिवाय वापरायचा नाही, हे इथे लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं.

सप्लायच्या मीटरवर करंट बघा. या क्रिस्टलमधून नॅनोअॅम्पिअरच्या घरातला करंट जातो, म्हणजे मायक्रोअॅम्पिअरच्या मीटरवर शून्यच दिसायला हवं. काटा हलत असेल तर वीज क्रिस्टलच्या पृष्ठभागावरून चालली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे हे हमखास होतं : दमट हवा, पृष्ठभागावर बोटाचा तेलकट ठसा, कडेला पेस्टचा एक टोकदार तुषार. डिह्युमिडिफायर अर्धा दिवस चालवा, लिंट न सोडणाऱ्या कागदाने आणि शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने मोकळे पृष्ठ हलक्या हाताने पुसा.

उलट दोष म्हणजे तुटलेला संपर्क. नॅनोअॅमीटर असेल तर तो माळेत लावून बॅकग्राउंड झाका आणि उघडा. प्रकाशाबरोबर करंट वर-खाली झाला पाहिजे. काहीच हललं नाही, तर पेस्ट सुटलेली आहे किंवा बॅकग्राउंड कडेपर्यंत पोचत नाही. पेस्ट पुन्हा लावणं विद्यार्थ्याला जमतं, फक्त घट्ट चिमट्यात धरू नका, कोपरे उडतात.

इथे थांबायचं

चटचट आवाज, ओझोनचा वास किंवा निळी ठिणगी दिसली की त्याच क्षणी सप्लाय बंद. पुन्हा "जरा बघू" म्हणून लावायचा नाही. सप्लायचं झाकण तुम्ही उघडायचं नाही. आतले कपॅसिटर बंद केल्यावरही जीव घेऊ शकतात. ते काम उच्च दाबाची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचं.

क्रिस्टल एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन पोलरायझरांमध्ये ठेवून बघा. भेग, किंवा आधी नसलेले ढगाळ पट्टे दिसले तर तुमची तपासणी संपली. पंखा आधी जोरात उघडायचा आणि आता कोणत्याही शक्तीला उघडत नाही, ठिपक्याभोवती दुधाळ धूसरपणा आहे, हीही डीपोल झाल्याची खूण. पुन्हा पोल करायचं म्हणजे क्रिस्टल क्युरी तापमानाच्या वर तापवायचं, काही किलोव्होल्ट प्रति सेंटीमीटरचं क्षेत्र लावून ठेवायचं आणि तसंच, अगदी सावकाश थंड करायचं. मिनिटाला एखाद्या अंशापेक्षा घाई केली तर तडकतं. ज्या लोकांकडे त्यासाठीची भट्टी आहे, तेलात बुडवायचा होल्डर आहे आणि सवय आहे, त्यांच्याकडेच पाठवा : क्रिस्टल विकणारा किंवा क्रिस्टल वाढवणारी प्रयोगशाळा. पॉलिश आणि सोन्याचे इलेक्ट्रोडही त्यांच्याकडूनच.

हॅलोजनवालं क्रिस्टल आम्ही तसंच पाठवलं. मधल्या चार महिन्यांत त्या मुलाने प्रकल्पाचा विषय बदलला. पाठवताना दोन्ही इलेक्ट्रोड बारीक तारेने एकमेकांना जोडा, सी-अक्षाची दिशा डबीवर बाणाने लिहा, आणि सोबतच्या कागदावर शेवटचं व्होल्टेज, दिशा आणि तापमान खरं-खरं लिहा. "काहीच केलं नाही" असं लिहून पाठवलं तर त्यांचेही दोन आठवडे वाया जातात.